वर्ष काढ

रविकांत दारात उभा होता. हातात सुपरमार्केटमधला फुलांचा गुच्छ, त्यावर किमतीचं लेबल तसंच.

सव्वाआठ झाले होते. चारुताची मुलगी संहिता बाहेर सायकलचं कुलूप काढत होती. तिनं मान वर करून आईला डचमध्ये विचारलं, हे कोण?

"बाबा ज्यांच्याकडे नोकरीला होता, ते," चारुता मराठीत म्हणाली. "जा, उशीर होईल."

मुलीनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती निघून गेली.

चारुतानं त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, चहा दिला. गुच्छ ओट्यावर तसाच ठेवला. तिचा नवरा निहार याला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतर त्याचा हा मालक आज पहिल्यांदा ब्रेडाहून उइटहॉर्नला आला होता.

"वहिनी, कामगार खात्याचे तपासणीवाले तुमच्याकडे आले होते म्हणे."

"मीच गेले होते त्यांच्याकडे."

त्यानं बॅगेतून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. नेदरलँड्समध्ये आल्यावर चार महिन्यांत इथला आरोग्य विमा घ्यावा लागतो, हे कंपनीनं निहारला वेळेत सांगितलं होतं, असं त्यात लिहिलं होतं. खाली चारुताच्या सहीसाठी जागा होती.

तिनं कागद वाचला. "तुम्ही काय सांगितलं होतंत ते मला पाठ आहे. पुण्याहून आणलेली ट्रॅव्हल पॉलिसी पुरते, इथल्या हप्त्यांत पैसे घालवू नका, पहिलं वर्ष तसंच काढा."

"त्या वेळी सगळेच तसं करायचे हो."

"त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की म्हणायचा, बिल कोण भरणार, सर म्हणालेत वर्ष काढ. पाच महिने ओवा खाऊन काढले त्यानं. शेवटी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं."

रविकांतनं खिशातून पेन काढून कागदावर ठेवलं.

"आणि पेन्शनचे पैसे दर महिन्याला पगारातून कापत होतात. तो गेल्यावर मी पेन्शन फंडाला फोन केला. त्या बाईनं स्पेलिंग बदलून बदलून तीनदा शोधलं. या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच, म्हणाली."

"चुकलं माझं. सगळं भरून देतो. पण कंपनी बंद पडली तर एकोणीस घरं रस्त्यावर येतील, वहिनी. सगळ्यांचे इथे राहायचे परवाने माझ्या कंपनीवर आहेत. तुम्ही आला होतात तशाच नव्यानं आलेल्या मुली आहेत त्यांच्यात. त्यांचा तरी विचार करा."

"केला. दोन वर्षं तेवढंच केलं."

त्याला कळलं नाही.

"मी लायडनला एका कंपनीत नोकरभरती बघते. तुमच्याकडच्या गौरवची नोकरी तिथेच ठरवली. ज्ञानदाची आमच्या शेजारच्या ऑफिसात. बाकीच्यांची जिथे जमेल तिथे. परवाना, विमा, पेन्शन, सगळं आधी तपासून घेतलं. शैलेंद्र तेवढा राहिला होता, त्याचं नेमणुकीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. मग मी तपासणीवाल्यांकडे गेले. नाहीतर तीन वर्षांपूर्वीच गेले असते."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"एकही मागे ठेवला नाही."

रविकांत उठला. "तुम्ही संपवताय मला."

"हो," चारुता म्हणाली.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं बाहेर काढून पाहिलं. गौरवचं नाव होतं. फोन वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

"उचला ना. साडेआठची वेळ दिलीय सगळ्यांना. म्हटलं, ईमेल नको, सरांशी स्वतः बोलून राजीनामा द्या. एवढा मान ठेवायला हवा."

त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून गौरवचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता, हळू आणि अगदी अदबीचा.

चारुतानं खुर्ची त्याच्या पाठीमागे सरकवली.

"बसून ऐका, सर. अजून अठरा जण आहेत."