पेलाभर दूध

सकाळी सहाच्या सुमारास म्हातारा कांद्याच्या वाफ्यात कोसळला आणि गेला. हातात खुरपं होतं, ओठांवर देवाचं नाव.

सून धावत पोचली तेव्हा पाटाचं पाणी त्याच्या पायांना वळसा घालून चाललं होतं. तिने आधी पाणी वळवलं, मग हाक मारली. त्या घरात रडायलाही कामातूनच वेळ काढावा लागे.

ऊन चढेपर्यंत अंगण भरलं. गाव त्याला देवमाणूस म्हणायचं. पहिलं कणीस देवाचं, शेवटची ओळ पाखरांची, मधे उरेल ते घरच्यांचं. मनात आलं की देवासाठी काहीतरी सोडायचा. कधी चहा, कधी पायताण, कधी गादी. "एक दिवस मलाही सोडतील," असं त्याची बायको म्हणायची. शेवटी सोडून तीच गेली.

"काय मरण आलं!" शेजारीण म्हणाली. "दोन वर्षांमागे डॉक्टरांनी हात टेकले होते. गोळीला शिवले नाहीत, तरी काठी टाकून नांगर धरला. श्रद्धा लागते, बाई."

"हो," सून म्हणाली आणि कळशी घेऊन आत गेली.

डॉक्टर आले. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागच्या दाराने ते स्वयंपाकघरात शिरले.

"गोळ्या चालू होत्या ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेल्या महिन्यापर्यंत."

हे दोन वर्षं त्या दोघांतच होतं. 'देव न्यायला आला तर त्याला गोळी आडवी येत नाही,' असं सांगून म्हाताऱ्याने हृदयाचं औषध परत पाठवलं होतं. सुनेने ते गुपचूप आणलं. रोज संध्याकाळी गोळी वाटायची, गूळ घालून दुधात ढवळायची. पेला घेऊन म्हातारा काठी टेकत बांधावर जायचा. पीक बघत प्यायलं की अंगी लागतं, म्हणायचा. पेला विसळूनच परत आणायचा. दोन महिन्यांत चेहऱ्यावर तेज आलं. गावाने देवाला हात जोडले, सुनेने खलबत्त्याला.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून दूध नको, पोरी."

"का, बाबा?"

"पुरे झालं."

म्हणजे दूधही देवाला गेलं. तिने भाजीत गोळी घालून पाहिली. एका घासात त्याने ताट सरकवलं. "आज हात कडू झालाय तुझा." खरं सांगावं तर फसवलं म्हणून तो तिच्या हातचं पाणीही सोडणार. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला.

"मला बोलवायचं," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं ऐकलं असतं?"

डॉक्टरांनी बॅग उचलली. ते बाहेर पडले, तसा नवरा आत आला.

"अगं, पाहुण्यांना पाणी..." तो थबकला. "काय झालं?"

"बाबांना मी मारलं."

तिने सगळं सांगितलं. गोळ्या, गूळ, दूध, गेलेला महिना. नवरा चुलीपाशी बसला.

"दोन वर्षं जगवलंस त्यांना," तो म्हणाला. "देवाच्या नावावर गेलं, पण जगवलंस तू."

"आणि मरू दिलं, तेही मीच."

दारात कोणीतरी खाकरलं. शेजारच्या शेताचा मालक, म्हाताऱ्याचा बालमित्र. गाव त्याला वकील म्हणायचं, कारण म्हाताऱ्याशी देवावरून भांडल्याशिवाय त्याला घास जात नसे. पाणी मागायला आला होता. रिकामा तांब्या हातात तसाच होता.

"कुठलं दूध म्हणालीस, पोरी?"

"संध्याकाळचं. बांधावर नेऊन प्यायचे ते."

वकील उंबऱ्यावर टेकला. तांब्या बाजूला ठेवला.

"तो कधी प्यायला?" तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला पाजायचा. मी म्हणायचो, अरे, आजारी तू का ती? तर म्हणे, माझं बघायला वर एक बसलाय, हिचं कोण बघणार? कुत्री गेल्या महिन्यात मेली."