पेट्रोलने न निघणारा रंग

“पोरी, पेट्रोलच्या मशीनला साधा रंग दिलास, तर गिऱ्हाईक भांडायला परत येतं,” बाबा म्हणायचे. बाबा गेले, रंगाचं दुकान शेवंतीकडे आलं, आणि ती ताकीद तिने एकाच गिऱ्हाइकासाठी उलटी वापरली.

भास्कर मेस्त्री लाकूडतोडीची जुनी चेनसॉ मशीनं नवी करून विकायचा. एकटा जीव, बोलणं मोजकं. रंगावर मारायचा, पेट्रोलला दाद न देणारा चांगला क्लिअर कोट मागच्या फळीवर ठेवून शेवंती त्याला नुसता केशरी रंगच द्यायची. टाकी भरताना पेट्रोल सांडलं की रंग ओघळायचा आणि मेस्त्री पुन्हा दारात. “शेवंतीबाय, तुमचा रंग माहेरवाशिणीसारखा. जरा टेकला की निघाला.”

ती हसायची. पण एकदा त्याने विकलेलं मशीन रंग गेला म्हणून गिऱ्हाइकाने परत केलं, तेव्हा तिलाच लाज वाटली. हार्डनर घालायचा क्लिअर कोट तिने जड हाताने पुढे ठेवला. “यावर पेट्रोल ओता, नाहीतर रॉकेल. हलणार नाही.” आता हा कशाला येतोय इकडे, असं म्हणत तिने गल्ला पुसला, फळ्या पुसल्या, पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

पुढच्याच बाजाराला मेस्त्री मशीन घेऊन हजर. केशरी अंगावर पांढरे ओरखडे. शेवंतीने त्यांवर बोट फिरवलं.

“मेस्त्री, हे पेट्रोलचं काम नव्हे. कुणीतरी पॉलिश पेपरने घासलंय.”

“मग काय करणार,” मेस्त्री मशीनकडेच बघत म्हणाला, “पेट्रोलने निघेचना. आणि रंगाशिवाय तुमच्याकडे यायला मला निमित्त सुचत नाही.”