अब्बा घरी आल्यावर

“अब्बा घरी आले, की घर पाय न वाजवता चालतं.”

उम्मेहानीनं कवितेची पहिली ओळ वाचली आणि नववीचा वर्ग ऐकू लागला. नळदुर्गच्या त्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास कवितांचा. पुस्तकातल्या नाही, मुलांच्या स्वतःच्या. तिच्या कवितेत कुकरची शिट्टी होण्याआधीच अम्मी गॅस बंद करत होती. धाकट्या बहिणी खुणांनी भांडत होत्या. वर्ग हसला.

“एवढं भ्या वाटतं व्हय अब्बाचं?” हर्षालीनं विचारलं.

“न्हाय गं. ट्रकवर असतात. लई जागरण होतं. झोपू देतो त्यांना.”

शिवांजली मॅडम टेबलाला टेकून ऐकत होत्या. “आणि जागे असले की काय करतात?”

उम्मेहानी थांबली. हे तिला सांगताच येईना.

“ज्याच्यावर कविता, त्याला ऐकवून ये,” मॅडम म्हणाल्या. “ते काय म्हणाले, सोमवारी आम्हाला सांग.”

“मॅडम, मग त्यांना उठवावं लागंल.”

रविवारी दुपारी सायराबीनं लेकीला दारातच अडवलं. “पडू दे त्यांना. संध्याकाळी परत गाडी काढायचीय.” उम्मेहानी मागं फिरली. पण मॅडमचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. अम्मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तसा तिनं हळूच पडदा सारला.

समद भिंतीकडं तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते.

“अब्बा, तुमच्यावर कविता केलीय. ऐकता?”

ते उठून बसले. तिनं वाचायला सुरुवात केली. सगळा वर्ग जिथं हसला होता, तिथं ते हसले नाहीत. पुढंही नाही. तिचा आवाज बारीक होत गेला.

“राग आला का? तुमची झोप मोडू नये म्हणून गप्प असतो आम्ही.”



“म्हणून व्हय?” ते म्हणाले. “मला वाटायचं, मी आलो की तुमचं बोलणंच सरतं. मग डोळे मिटून पडायचो. म्हणलं, बाप झोपलाय असं वाटलं तर बोलतील तरी.”