फोनवाली बहीण

धाकट्या भावाने तिच्या दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, गालावर ओघळलेलं कापसाने टिपलं आणि म्हणाला, "ताई, आता डोळे मिटून बस. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. मी येईपर्यंत उघडू नकोस." मग त्याच्या चपलांचा आवाज आतल्या खोलीत गेला.

औषध चांगलंच झोंबत होतं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर आणखी चार-पाच जण असेच डोळे मिटून बसले होते. शेजारच्या आजी तर ती यायच्या आधीपासूनच मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलेल्या.

"झोंबतं ना?" आजींनी विचारलं. "पण मुलाचा हात हलका आहे हो. का नसेल? आईची एवढी सेवा केलीय त्याने."

"कोणी केलीय?"

"हाच की, थेंब घालणारा. तुम्हाला नाही सांगितलं? मागे मी ऑपरेशनला घाबरले होते, तर बिचारा शेजारी बसून सगळं बोलला. आईला काही आठवेनासं झालं होतं. रात्री उठून दाराबाहेर चालू लागायची. मग हा काय करायचा, सुतळीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधायचा आणि दुसरं आईच्या. ती हलली की याला जाग. आणि जेवायला बसली की आधी याने तिच्याच ताटातला घास खायचा, मगच ती तोंड उघडणार. तिला वाटायचं, विष घातलंय. चार वर्षं काढली हो त्याने अशी."

सुतळी तिने बांधली होती. घास तिने खाल्ले होते. त्या चार वर्षांत धाकटा दोनदा आला, तोही परतीचं तिकीट खिशात घालून. फोन मात्र रोज संध्याकाळी न चुकता. "आज काय झालं?" विचारायचा, आणि तिला तरी दुसरं कोण होतं, ती सगळं सांगत सुटायची. सुतळीचं तर त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ आपलं मन हलकं करतोय, असं तिला वाटायचं. आयत्या बिळावरचा नागोबा सगळ्यांना माहीत असतो, हा तर रोज फोन करून बीळ कुठवर खणलंस ते विचारून घेत होता.

तरी तिने राग गिळला. पहिल्यापासून कौतुकाचा भुकेला आहे, जाऊ दे. परक्या माणसांपुढे चार शब्दांचा मोठेपणा मिळवला, आपलं काय गेलं? आई तर गेलीच.

"एकटाच होता का तो?" तिने उगाच विचारलं.

"थोरली बहीण आहे म्हणे एक. लांब असायची. रोज फोन करायची, फोनवर रडायची, पण यायचं नाव नाही." आजी चुकचुकल्या. "असतात एकेक. फोनवर रडायला काय लागतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने डोळे उघडले. समोर सगळं धुक्यात बुडालेलं, आणि त्या धुक्यातून एक पांढरा कोट तिच्याकडे येत होता.

"उघडलेस का? अजून एक थेंब राहिलाय."

"मी फोन करायचे?"

कोट जागच्या जागी थांबला. मग तो तिच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि कुजबुजला, "हळू बोल ना, ताई. इथे माणसं घाबरलेली असतात. काहीतरी सांगितलं की त्यांना धीर येतो. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

"मग स्वतःचं सांग."

"माझं काय आहे सांगण्यासारखं?"

हे मात्र तो खरं बोलला. एरवी तिला भरून आलं असतं, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता. आज तिला त्याची जराही कीव आली नाही.

"आहे की. फोन करत होतास, ते सांग. रडत होतास, ते सांग. मला कधी ऐकू आलं नाही, पण ते रडणं तुझंच असणार. बाकीचं सगळं तर माझं आहे."

मग ती आजींकडे वळली आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, ती बहीण मीच. पण आईजवळ चार वर्षं मी होते. फोन हा करायचा."

मिटलेल्या डोळ्यांचे चेहरे एकेक करून तिच्याकडे वळले. आजींनी पिशवी पोटाशी ओढून घेतली.

"सांग त्यांना," ती धाकट्याला म्हणाली. "नुसतं हो म्हण."

धाकटा उठून उभा राहिला. कोटाच्या वर जिथे तोंड असायला हवं, तिथे तिला नुसतं धुकं दिसत होतं. ती बाकाची कड धरून वाट बघत राहिली.

"मान वर करा," तो म्हणाला. सगळ्या पेशंटना म्हणतो त्याच आवाजात. त्याने अंगठ्याने तिची पापणी उचलली, अगदी हलक्या हाताने, आणि एकेक थेंब सोडला. औषध भरून वाहिलं, गालांवरून हनुवटीपर्यंत आलं. या खेपेला त्याने ते टिपलं नाही. चपलांचा आवाज आत निघून गेला.

आजींनी डोळे किलकिले करून तिच्या ओल्या गालांकडे पाहिलं. मग चाचपडत तिचा हात शोधला आणि त्यावर थोपटलं.

"असू दे, बाई," त्या म्हणाल्या. "आता रडून काय उपयोग? तेव्हा यायला हवं होतंस."