समोरची खुर्ची

जॉसलिनने खिडकीजवळची तिसरी खुर्ची ओढून कर्शॉच्या समोर ठेवली आणि म्हणाली, "आज त्या ड्रायव्हरला इथे बसवू या."

कर्शॉ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. पन्नाशीचा, हाडापेराने दणकट माणूस; पण हिवाळ्यापासून कपडे अंगावर लोंबायला लागले होते. ओटली गावातल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथे ती समुपदेशन करायची, तो दर गुरुवारी बसने यायचा. गाडी चालवायची आता हिंमतच होत नाही, असं त्याने सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी तो मोजकंच बोलला होता. फर्न सहा वर्षांची होती. शाळेजवळच्या वळणावर गाडीखाली गेली. लेकरू गमावलेली माणसं तिने बरीच पाहिली होती. खोदून विचारलं की ती मिटतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने काही विचारलं नाही. बापाचं दुःख घाईने बोलता येत नाही, सावकाश होऊ द्या, एवढंच म्हणाली. तो मान खाली घालून रडला.

त्यानंतर तो बोलायचा ते फक्त त्या एका क्षणाबद्दल. पिवळे गमबूट, ओला रस्ता, ब्रेकचा आवाज. फर्न कशी हसायची, काय खायची, यातलं एक अक्षर नाही. जबर धक्का बसलेलं माणूस तिथेच अडकून पडतं, हेही जॉसलिनला ठाऊक होतं. एकदा ती म्हणाली की यात तुमचा काही दोष नाही. तर हा कोट उचलून अर्ध्यातूनच निघून गेला. दर वेळी दारात थांबून मात्र एकच विचारायचा, "अशा गोष्टीला माफी असते का हो?"

माफ करणं त्याला जड जात असणार, असं तिला वाटायचं.

जॉसलिन कुठल्याही एका पद्धतीला चिकटून बसणारी नव्हती. ज्या माणसाला जे लागू पडेल ते ती वापरायची. कर्शॉला काहीच लागू पडेना. आणि मागच्या गुरुवारी तो सहज बोलल्यासारखा बोलला की नदीवरच्या पुलावर हल्ली फार वेळ उभा राहतो. तेव्हा मात्र ती घाबरली. त्याला विचारून त्याच्या डॉक्टरला कळवलं आणि ऑड्रीकडे धाव घेतली. या धंद्यात प्रत्येकाला आपलं काम कुणा जाणत्यापुढे मांडावं लागतं. जॉसलिनची जाणती म्हणजे सत्तरीची, फटकळ ऑड्री.

"त्या ड्रायव्हरला अजून एक शिवी घातली नाही त्याने?" ऑड्रीने विचारलं. "आणि तू नुसती गोंजारत बसलीस? राग आत कुजला की माणूस स्वतःलाच खातो, बाई. काढ तो बाहेर."

म्हणून आज ही खुर्ची.

"बोला त्याच्याशी," जॉसलिन म्हणाली. "मनात येईल ते बोला. शिव्या घातल्या तरी चालेल."

कर्शॉने नकारार्थी मान हलवली. मग तिने डाव उलटा मांडला. त्याने त्या खुर्चीत जाऊन बसावं, ड्रायव्हर होऊन बोलावं, फर्नच्या बापाला काय सांगायचंय ते सांगावं.

तो उठला. समोरच्या खुर्चीत बसला आणि आपण सोडलेल्या जागेकडे पाहू लागला.

"मी हळूच चालवत होतो," तो म्हणाला. "पोलीसही म्हणाले, तुमची चूक नाही. जो तो हेच म्हणतो. कुणी एक शिवी देत नाही मला. तुम्ही तरी द्या. तुमच्या फाटकापर्यंत येतो आणि मागे फिरतो. बेल वाजवायला हात उचलत नाही."

आणि तो हमसाहमशी रडायला लागला. जॉसलिनचेही डोळे भरून आले. ज्याने लेक नेली त्याचं मन या माणसाला इतकं कळावं, याचं तिला फार अप्रूप वाटलं. सुटला बिचारा, असं मनात म्हणत तिने त्याला शांत होऊ दिलं.

"आता परत तुमच्या खुर्चीत या," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आणि बाप म्हणून त्याला उत्तर द्या."

कर्शॉ जागचा हलला नाही.

"मी माझ्याच खुर्चीत बसलोय," तो म्हणाला. "तिच्या बापाला मी अजून तोंड दाखवलेलं नाही."