विनाचालक बस

मंत्र्यांच्या जावयाच्या कंपनीने विनाचालक बस बनवली होती आणि तिला सरकारी अनुदान द्यायचं वरूनच ठरलं होतं. फक्त परीक्षकबाईंची सही बाकी होती. "माणूस दिसला की बस आपोआप थांबते," चाचणीच्या मैदानावर जावई म्हणाला. "मग तुम्हीच उभे राहा ना समोर," बाई म्हणाल्या. जावयाला घाम फुटला. पण सासऱ्यांसमोर माघार कशी घेणार? तो पाय ओढत निघाला. तोच मंत्र्यांची मुलगी ओरडली, "बाबा, ह्यांना नको!" "मग कुणाच्या नवऱ्याला उभं करू, ताई?" बाईंनी विचारलं. अखेर मंत्रीच पुटपुटले, "अनुदान तूर्त थांबवा." जावई बाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, "वाचवलंत. ब्रेकचं काम अजून कच्चंच आहे." "मग ते आधी करा. मी पुन्हा तपासायला येईन." बदली अटळ होती, तरी बाई गुणगुणत घरी गेल्या.