पुढची सीट

आमच्या कॅरॅव्हॅनमधली पुढची सीट कायम दादाची. आई गाडी चालवणार, हा शेजारी राजासारखा बसणार आणि मी मागे भांड्यांच्या खडखडाटात. दीपगृह असो की कड्यावरचे पक्षी, सगळं आधी त्याला दिसणार. जळून जळून माझा पार कोळसा झाला होता.

आज मी सगळ्यांच्या आधी उठून ती सीट पटकावली. आई काही बोलणार, तोच दादाने तिला खुणेने गप्प केलं. दुसऱ्याच वळणावर अख्खा समुद्र समोर आला.

"काय राजे, मागे कसं वाटतंय?" मी खिजवलं.

वळून पाहिलं, तर दादा पिशवीत तोंड घालून ओकत होता.

गाडी थांबल्यावर तोंड पुसत तो म्हणाला, "पुढे जरा कमी मळमळतं गं. तेही डोळे गच्च मिटले तरच. सांग ना, वळणावरून समुद्र कसा दिसतो?"